आधी आपली तार तपासायची

सांगलीजवळच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या तिसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या मुलीने विचारलं आहे : क्वांटम कंप्युटिंगमध्ये संशोधन करणारी माणसं दिवसभर नेमकं काय करतात? तिकडे जायला इंजिनिअरिंग सोडून भौतिकशास्त्र घ्यावं लागतं का? परदेशी जावंच लागतं का? आणि या सगळ्यात खरं किती, गाजावाजा किती?

मी २००८ पासून अतिसंवाहक क्युबिटवर काम करते. क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकातला बिट : तो ० आणि १ यांच्या मिश्र अवस्थेतही राहू शकतो. आमचा क्युबिट म्हणजे विद्युतरोध नाहीसा झालेल्या, म्हणजे अतिसंवाहक, धातूचं एक मंडल. पीएचडी बाहेर केली, पुढची काही वर्षं तिथेच काढली, आता भारतातल्या एका प्रयोगशाळेत आहे. आयन विद्युतक्षेत्रात अडकवून, अणू लेझरच्या चिमटीत धरून, प्रकाशकणांवर किंवा सिलिकॉनमधल्या एकेका इलेक्ट्रॉनवर क्युबिट करणारे गट वेगळे आहेत आणि त्यांचा दिवस वेगळा जातो. म्हणून मला जे स्वतःच्या हाताने ठाऊक आहे तेवढंच सांगते.

पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं : समोर दिसणारा आकडा क्युबिटचा आहे की मी जोडलेल्या तारेचा, हे ठरवण्यात आमचा बहुतेक वेळ जातो. हे काम तुम्हाला आवडेल की नाही, यावर बाकीच्या प्रश्नांची उत्तरं अवलंबून आहेत, म्हणून इथेच जरा जास्त थांबते.

सोनेरी झुंबरासारखा तो फोटो तुम्ही पाहिला असेल. तो संगणक नाही, तो फ्रिज आहे. सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्या एकीखाली एक टांगलेल्या असतात. वरची सुमारे ५० केल्विनला, तिच्याखालची ४ केल्विनला, मग १ केल्विनच्या आसपास, मग ०.१, आणि सर्वांत खालची निरपेक्ष शून्याच्या फक्त १०-२० मिलिकेल्विन वर. ही शेवटची पायरी हेलियम-३ आणि हेलियम-४ यांच्या मिश्रणाने गाठतात. मिश्रण पुरेसं गार झालं, म्हणजे ०.८७ केल्विनच्याही खाली गेलं, की त्याचे दोन थर होतात. वरच्या थरात मुख्यतः हेलियम-३ असतं, खालच्यात ते थोडंसंच असतं. वरच्या थरातले अणू खालच्या थरात ओढले जाताना उष्णता शोषून घेतात. माठाच्या अंगातून झिरपलेलं पाणी उडून जाताना माठ गार करतं, त्याच्या जवळची ही गोष्ट. फरक एवढाच की इथलं ‘पाणी’ फार दुर्मीळ आहे. हेलियम-३ मिळतं ते ट्रिटियमच्या क्षयातून. ट्रिटियमचं अर्धायु १२.३ वर्षं, आणि ट्रिटियम बनवलं गेलं ते प्रामुख्याने अण्वस्त्रांसाठी. त्यामुळे रात्री तीन वाजता चिलर बंद पडला, कॉम्प्रेसर थांबला आणि फ्रिज तापू लागला, तर चिपकडे कुणी बघत नाही. आधी मिश्रण टाकीत परत घ्यायचं, हा नव्या विद्यार्थ्याला शिकवलेला पहिला धडा असतो.

एवढं गार कशासाठी? आमचा क्युबिट साधारण ५ गिगाहर्ट्झला चालतो. या वारंवारितेच्या एका फोटॉनची ऊर्जा तापमानात मोजली तर सुमारे २४० मिलिकेल्विन होते. खोलीचं तापमान ३०० केल्विन, म्हणजे बाराशे पटींहून जास्त. एवढ्या उकळत्या वातावरणात क्युबिट ० आहे की १, या प्रश्नालाच अर्थ उरत नाही. २० मिलिकेल्विनला कागदावरचं गणित सांगतं की क्युबिट चुकून १ मध्ये सापडण्याची शक्यता लाखात एकापेक्षाही कमी. प्रत्यक्षात मोजलं तर ती हजारात एक ते शंभरात एक येते, जणू क्युबिट ५० मिलिकेल्विनला बसला आहे. फ्रिजचा तापमापक २० दाखवतो आणि क्युबिट ५० म्हणतो. मधले ३० कुठून आले? आमचं संशोधन बऱ्याचदा अशाच प्रश्नापासून सुरू होतं. उत्तर बहुधा तारेत असतं.

कारण क्युबिटशी बोलायला तार तर हवीच. खोलीतून निघालेली मायक्रोवेव्ह केबल खालपर्यंत जाते आणि तिच्यातून सिग्नलबरोबर खोलीची उष्णताही नॉइज बनून उतरते. म्हणून वाटेत टप्प्याटप्प्यावर ॲटेन्युएटर, म्हणजे सिग्नल क्षीण करणारे भाग, लावतात : बहुतेकदा ४ केल्विनला २० डीबी, ०.१ केल्विनला २० डीबी, तळाशी २० डीबी. एकूण ६०, म्हणजे दहा लाख पटींनी घट. सिग्नलही तेवढाच घटतो, पण तो आपण वरून जोरात पाठवू शकतो.

याच संदर्भातली माझी एक गोष्ट. अनेक वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेत आम्ही नवीन चिप थंड केली. टी-वन, म्हणजे क्युबिटमधली ऊर्जा टिकण्याचा काळ, ६० मायक्रोसेकंद आला. छान होता. टी-टू, म्हणजे सुपरपोझिशनची (० आणि १ च्या त्या मिश्र अवस्थेची) लय टिकण्याचा काळ, नियमाने टी-वनच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे १२० पर्यंत. आमचा ३० वर अडकला होता, मध्ये एक उलटा पल्स देऊन संथ गडबड पुसणाऱ्या ‘एको’ मोजमापातही. मला वाटलं चिपच्या पृष्ठभागावर काहीतरी राहिलंय. दोन नव्या चिप बनवल्या, धुण्याची पद्धत बदलली. टी-टू पुन्हा ३०. तीन वेगळ्या चिप, सारखाच आकडा. तेव्हाच मला कळायला हवं होतं की दोष चिपचा नाही, कारण चिपचे दोष इतके एकसारखे नसतात.

मग उलट दिशेने विचार केला. रॅम्सी (म्हणजे त्या उलट्या पल्सशिवायचं साधं मोजमाप) आणि एको या दोन मोजमापांत फारसा फरक नव्हता. एको संथ गडबड पुसून टाकतो. तो काही पुसत नाही याचा अर्थ गडबड जलद आहे. जलद गडबडीचा पहिला संशयित म्हणजे क्युबिट ० आहे की १ हे वाचण्यासाठी त्याच्याशेजारी ठेवलेल्या रेझोनेटरमध्ये, म्हणजे ठरावीक वारंवारितेला घुमणाऱ्या मंडलात, येऊन-जाऊन असणारे भटके फोटॉन. रेझोनेटरमध्ये आम्ही मुद्दाम मोजका नॉइज सोडला, प्रत्येक पायरीला टी-टू किती घटतो ते मोजलं, आणि रेषा मागे नेली. काहीही सोडलेलं नसताना आत सरासरी ०.०२५ फोटॉन शिल्लक दिसले. असायला हवे होते त्याच्या दहापट. दहापट म्हणजे १० डीबी. फ्रिज तापवला, डबे उघडले. रीडआउटच्या, म्हणजे वाचनाच्या, तारेवर तळाशी २० ऐवजी १० डीबीचा ॲटेन्युएटर होता. तो मीच लावला होता. बदलल्यावर टी-टू ९० झाला.

तीन आठवडे आणि दोन चिप गेल्या. पण रेषा मागे नेऊन फ्रिज न उघडताच ‘दहापट’ हा आकडा हातात आला, तो दिवस मला अजून आठवतो. त्यानंतर मी प्रत्येक तारेवरच्या प्रत्येक भागाचा फोटो काढून ठेवते, झाकण लावण्याआधी दुसऱ्या कुणाकडून तपासून घेते, आणि माझे विद्यार्थीही तसंच करतात.

ही सवय आमच्या क्षेत्राच्या मुळातच आहे. २०२५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांना मिळालं, ते १९८४-८५ मध्ये बर्कलीत केलेल्या प्रयोगांसाठी. हातात धरता येईल एवढ्या विद्युतमंडलात क्वांटम टनेलिंग होतं, म्हणजे पुरेशी ऊर्जा नसतानाही ते अडथळ्यापलीकडे निसटतं, हे त्यांनी दाखवलं. जोसेफसन जंक्शनमधून (दोन अतिसंवाहक आणि मध्ये अतिपातळ रोधक थर) जाणारा प्रवाह वाढवत नेला की एका क्षणी ते शून्य व्होल्टच्या अवस्थेतून निसटतं. हे निसटणं उष्णतेमुळे असेल तर तापमान उतरवत गेल्यावर ते कमी व्हायला हवं, पण एका मर्यादेखाली ते कमी होईना. झालं टनेलिंग सिद्ध, असं म्हणून थांबता आलं असतं. पण वरच्या खोलीतून तारेवाटे उतरलेला नॉइजही हुबेहूब हेच चित्र काढतो. म्हणून त्यांनी तांब्याच्या भुकटीत तार पुरून फिल्टर बनवले. मग त्याच जंक्शनचा क्रांतिक प्रवाह, म्हणजे शून्य व्होल्टला वाहू शकणारा कमाल प्रवाह, चुंबकीय क्षेत्र लावून कमी केला. तसं केल्यावर टनेलिंग वरचढ होण्याचं तापमान खाली सरकतं, जंक्शन पुन्हा साध्या उष्णतेच्या नियमाने वागू लागतं आणि स्वतःच तापमापक बनतं. तो तापमापक फ्रिजशी जुळला. तारेतून नॉइज येत असता तर जुळला नसता. मला विचाराल तर त्या कामातला सर्वांत सुंदर भाग हा आहे. नवीन विद्यार्थी आला की मी त्याला आधी हेच वाचायला देते.

आता रोजचा दिवस. सकाळी फ्रिजचे दाब आणि तापमानं बघायची, रात्रभर चाललेली मोजमापं उघडायची. रात्रीत क्युबिटची वारंवारिता काही किलोहर्ट्झ इकडेतिकडे सरकलेली असते. जंक्शनच्या ऑक्साइडमध्ये आणि धातूच्या पृष्ठभागावर सूक्ष्म दोष असतात, दोनच पातळ्या असलेल्या बारक्या अणुसमूहांसारखे. त्यातला एखादा सरकत सरकत क्युबिटच्या वारंवारितेशी जुळला की क्युबिटची ऊर्जा त्याच्यात पाझरते आणि काल ८० असलेला टी-वन आज ३० होतो. पुन्हा कॅलिब्रेशन : वारंवारिता, पल्सची उंची, पल्सचा आकार. एका क्युबिटवरचं गेट २० ते ४० नॅनोसेकंदांत संपतं, त्यामुळे पल्सच्या कडा कशा आहेत हेही महत्त्वाचं. हे सगळं पायथनमध्ये लिहिलेलं असतं आणि एफपीजीए (आतली जोडणी हवी तशी बदलता येणारी चिप) बोर्डांवर चालतं. वाचनाचा सिग्नल इतका क्षीण असतो की तळाशी एक अतिसंवाहक पॅरामेट्रिक ॲम्प्लिफायर आणि ४ केल्विनला दुसरा ट्रान्झिस्टरचा, अशी साखळी लावूनच तो वर येतो.

काही दिवस क्लीनरूममध्ये जातात. इलेक्ट्रॉन किरणाने लेपावर नक्षी काढायची, मग निर्वातात एका कोनातून ॲल्युमिनियमचा थर, थोडा वेळ ऑक्सिजन, मग दुसऱ्या कोनातून दुसरा थर. मधला ऑक्साइड एक-दोन नॅनोमीटरचा. तोच जोसेफसन जंक्शन, ट्रान्समॉन या आमच्या प्रकारच्या क्युबिटचा प्राण. गार करण्याआधी खोलीच्या तापमानातच जंक्शनचा रोध मोजतो; तो सात-आठ किलोओहम आला की कळतं, क्युबिट ५ गिगाहर्ट्झच्या आसपास बसेल. रोध एक टक्का चुकला की वारंवारिता सुमारे अर्धा टक्का, म्हणजे २५ मेगाहर्ट्झ सरकते. शेजारच्या क्युबिटवर जाऊन आदळायला एवढं पुरतं. एका चिपवर शंभर जंक्शन असतील तर ही शंभर बाळं एकाच साच्यातली निघायला हवीत, आणि ती निघत नाहीत. इथे भौतिकशास्त्र संपून कारागिरी सुरू होते, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. ऑक्साइड कसा वाढतो हे भौतिकशास्त्रच आहे, फक्त ते हाताने करावं लागतं.

उरलेल्या वेळात विद्यार्थ्यांशी चर्चा, पेपर वाचणं, आणि खरेदीच्या फायली. फ्रिज बहुधा फिनलंड किंवा ब्रिटनहून येतो, महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते. हे काम कुणाला आवडत नाही, पण ते नीट न करणाऱ्याचा प्रयोग होत नाही.

आकड्यांबद्दल एक गोष्ट मला तळमळीने सांगायची आहे. टी-वन हा एक आकडा नसतो. तीच चिप तापवून पुन्हा थंड केली तर दोषांची मांडणी बदलते आणि टी-वनही बदलतो. त्यामुळे ‘आमचा क्युबिट अमुक मायक्रोसेकंद टिकतो’ असं कुणी म्हटलं की मी विचारते : किती क्युबिट, किती तास, मधला आकडा काय? शंभर मोजमापांतलं सर्वांत चांगलं एक निवडून छापण्याचा मोह मोठा असतो, आणि स्पर्धेत तो वाढतो. याची किंमत क्षेत्राने मोजली आहे. २०१८ साली ‘नेचर’मध्ये मायोराना कणांच्या (स्वतःच स्वतःचे प्रतिकण असलेल्या, ज्यांच्यापासून टिकाऊ क्युबिट करण्याची आशा आहे अशा कणांच्या) खुणेबद्दलचा एक गाजलेला पेपर आला. त्यावर मोठ्या आशा बांधल्या गेल्या. २०२१ मध्ये तो मागे घ्यावा लागला, कारण संपूर्ण डेटा पाहिल्यावर निष्कर्ष टिकला नाही. तुम्ही या क्षेत्रात याल तेव्हा तुमचा पहिला पेपर कमी चमकदार निघाला तरी चालेल, पण त्यात सगळे क्युबिट असू द्या, वाईट निघालेलेसुद्धा.

आता गाजावाजा. १९९९ मध्ये जपानमध्ये एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत पहिला अतिसंवाहक क्युबिट नियंत्रित झाला तेव्हा त्याची लय काही नॅनोसेकंदच टिकली. २००७ मध्ये येलमधून ट्रान्समॉनची कल्पना आली. मी शिरले तेव्हा एक-दोन मायक्रोसेकंद म्हणजे आनंद होता. २०११ मध्ये येलमध्येच ट्रान्समॉन ॲल्युमिनियमच्या पोकळ डब्यात ठेवला आणि टिकण्याचा काळ एकदम दहापटींनी वधारला. २०२१ मध्ये प्रिन्स्टनच्या गटाने टँटलम धातू वापरून ३०० मायक्रोसेकंद गाठले, आणि अलीकडे मिलिसेकंदाची वेसही ओलांडली गेली. पंचवीस वर्षांत लाखो पट. ही वाढ खरी आहे, ती माझ्या डोळ्यांसमोर झाली. तिच्यात एकही जादूचा क्षण नाही. दरवेळी कुणीतरी एक गळती शोधली आणि बुजवली.

चूकदुरुस्तीही खरी आहे. पीटर शोर यांनी १९९५ मध्ये नऊ क्युबिटचा कोड मांडला तेव्हापासून प्रश्न होता की दुरुस्तीसाठी लावलेले जास्तीचे क्युबिट स्वतःच्याच चुका आणतात, मग फायदा होईल का? डिसेंबर २०२४ मध्ये गूगलच्या १०५ क्युबिटच्या ‘विलो’ चिपवर उत्तर मिळालं : कोडचा आकार ३ वरून ५, ५ वरून ७ केला तेव्हा दर पायरीला चूक २.१४ पटींनी घटली. त्या दिवशी मी आमच्या प्रयोगशाळेत तो आलेख भिंतीवर लावला. तो अजून तिथे आहे.

पण ‘क्वांटम संगणक सगळी उत्तरं एकाच वेळी तपासतो’ हे वाक्य जिथे दिसेल तिथे वाचणं थांबवा. मोजलं की एकच उत्तर मिळतं. चुकीच्या उत्तरांच्या लहरी एकमेकींना पुसतील आणि बरोबर उत्तराच्या लहरी एकमेकींना उचलून धरतील अशी मांडणी करणं म्हणजे क्वांटम अल्गोरिदम, आणि अशी मांडणी फार थोड्या प्रश्नांसाठी सापडली आहे. लव ग्रोव्हर यांनी १९९६ मध्ये दिलेला शोधाचा अल्गोरिदम दहा लाख नोंदींचं काम सुमारे हजार पायऱ्यांत करतो. चांगलं आहे, पण एका फटक्यात नाही. उद्या बँकांचे पासवर्ड फुटणार, हेही नाही. २०४८ बिटचं आरएसए, म्हणजे इंटरनेटवर सर्रास वापरलं जाणारं कूटलेखन, फोडायला २०१९ च्या एका प्रसिद्ध अंदाजात दोन कोटी क्युबिट आणि आठ तास लागत होते. त्यातल्याच एका संशोधकाच्या २०२५ च्या अंदाजात दहा लाखांहून कमी क्युबिट आणि आठवड्याहून कमी वेळ. आजची यंत्रं शे-हजार क्युबिटची आहेत. अंतर मोठं आहे, पण ते दोन्ही बाजूंनी कमी होतंय, म्हणूनच अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या कूटलेखनाची मानकं जाहीर केली. घाबरून जाणं चूक आणि दुर्लक्ष करणंही चूक.

परदेशी जावंच लागतं का? मी गेले तेव्हा जवळजवळ इलाज नव्हता. आज तसं नाही. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली : ६,००३.६५ कोटी रुपये, २०३०-३१ पर्यंत, आणि ५० ते १००० क्युबिटची यंत्रं हे लक्ष्य. संगणनाचं केंद्र बंगळूरच्या आयआयएससीकडे आहे, संवेदन आणि मापनाचं आयआयटी मुंबईकडे. आपल्याच राज्यातलं सांगायचं तर मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) अतिसंवाहक क्युबिट बनतात. तिथे बनवलेल्या सहा क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये पूर्ण झाली. नियंत्रण आणि मोजमापाची यंत्रणा डीआरडीओच्या पुण्यातल्या तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेने उभारली आणि क्लाउडशी जोडण्याचं काम टीसीएसने केलं. पुण्याच्या आयसरमध्येही क्वांटम तंत्रज्ञानाचं केंद्र आहे. जगात शंभराच्या पुढे गेलेले असताना सहाचं काय, असं कुणी म्हणेल. मी म्हणेन, आपल्या हाताने बनवलेल्या सहामध्ये गळती शोधायला जे शिकता येतं, ते दुसऱ्याच्या हजार क्युबिटवर क्लाउडमधून प्रोग्राम चालवून शिकता येत नाही. तरीही एक-दोन वर्षं बाहेरच्या चांगल्या गटात काढायची संधी मिळाली तर घ्या. दुसऱ्या घरची भांडी कशी लावलेली असतात हे पाहिल्याशिवाय आपल्या घरातल्या सवयी दिसत नाहीत.

इंजिनिअरिंग सोडू नका. खरं सांगायचं तर तुमची शाखा आमच्या कामाच्या अगदी जवळ आहे. ५० ओहम, एस-पॅरामीटर, इम्पीडन्स मॅचिंग, फिल्टर, मिक्सर, नॉइज फिगर, एफपीजीए : आमच्या फ्रिजच्या बाहेरचा अर्धा संसार तुमच्या अभ्यासक्रमात आहे. भौतिकशास्त्राच्या मुलांना हे आम्ही पहिल्या वर्षी नव्याने शिकवतो. तुम्हाला भरून काढावं लागेल ते रेषीय बीजगणित, क्वांटम यांत्रिकी आणि थोडं घनस्थिती भौतिकी. पहिलं पक्कं करा, बाकीचं त्यावर उभं राहतं. पीएचडीसाठी गेट, जेस्ट, टीआयएफआरची प्रवेश परीक्षा असे मार्ग आहेत. कुठे कोणती चालते हे त्या-त्या वर्षी संस्थेच्या पानावरच पाहा. पैशांचं स्पष्ट सांगते, कारण घरचे विचारणार. २०२३ पासून जेआरएफ (पीएचडीच्या सुरुवातीच्या वर्षांची शिष्यवृत्ती) महिना ३७,००० रुपये आणि एसआरएफ (पुढच्या वर्षांची) ४२,००० रुपये, वर नियमानुसार घरभाडं. पाच-सहा वर्षं. तुमच्याबरोबरच्या मुली तेवढ्या काळात सॉफ्टवेअरमध्ये बऱ्याच पुढे गेलेल्या असतील. ही तडजोड डोळे उघडे ठेवून करा. पीएचडी नको असेल तरी वाटा आहेत. मायक्रोवेव्ह, क्रायोजेनिक्स, कंट्रोल इलेक्ट्रॉनिक्स, निर्वात यंत्रणा यांत चांगले इंजिनिअर आम्हाला मिळत नाहीत. ऑक्सिजनमुक्त तांब्याचा तुकडा नेमक्या मापाने कातून देणारा माणूसही मिळत नाही, आणि तो मिळाला की आम्ही त्याला सोडत नाही.

तुमच्या मायक्रोवेव्ह लॅबमध्ये क्लायस्ट्रॉनचा (मायक्रोवेव्ह निर्माण करणाऱ्या नळीचा) जुना बेंच असेल. बहुतेक जण जर्नल भरून मोकळे होतात. तसं करू नका. आमचे रीडआउट रेझोनेटर ७ गिगाहर्ट्झच्या आसपास असतात आणि तो बेंच त्याच्या शेजारच्याच पट्ट्यात चालतो.

आणि या सुट्टीत एक करून पाहा. सुमारे ८ सेंटिमीटर व्यासाचा, घट्ट झाकणाचा गोल डबा घ्या, तांब्याचा मिळाला तर उत्तम, नाहीतर स्टीलचा. झाकणाच्या आणि बुडाच्या मध्यभागी भोक पाडून दोन एसएमए (मायक्रोवेव्ह केबलचे छोटे) कनेक्टर बसवा, आत प्रत्येकी तीन-चार मिलिमीटर तारच राहू द्या. ३ गिगाहर्ट्झपर्यंत मोजणारं छोटं व्हीएनए (कोणत्या वारंवारितेला किती सिग्नल आरपार जातो ते मोजणारं यंत्र) कॉलेजात किंवा कुणा हौशी रेडिओवाल्याकडे मिळेल. सुमारे २.८७ गिगाहर्ट्झला शिखर दिसायला हवं. त्रिज्या ४ सेंटिमीटर धरून हा आकडा आधी कागदावर काढा. डब्याच्या उंचीचा त्यात काही संबंध नाही, तो का नाही हेही लिहा. शिखराची रुंदी ३ डीबी खाली मोजून क्यू, म्हणजे शिखराची वारंवारिता भागिले ती रुंदी, काढा. तो क्यू १००० आला, तर त्या डब्यात ऊर्जा सुमारे ५५ नॅनोसेकंद टिकते. १०० मायक्रोसेकंद टिकणाऱ्या क्युबिटचा क्यू याच हिशेबाने तीस लाखांच्या वर जातो. धातूच्या रोधावरून तुमच्या डब्याचा क्यू किती यायला हवा होता तेही काढा. मोजलेला त्याहून कमी येईल. मग झाकण दाबून धरा, कडेला तांब्याची पट्टी लावा, आतली तार एक मिलिमीटर कापा, आणि दरवेळी क्यू पुन्हा मोजून वहीत लिहा. भिंतीत किती जातं, झाकणाच्या फटीतून किती, कनेक्टरमधून किती, याचे तीन वेगळे आकडे काढता आले तर ती वही घेऊन कुठल्याही क्वांटम प्रयोगशाळेत उन्हाळी प्रकल्पासाठी अर्ज करा. माझ्याकडे अशी वही आली तर मी गुणपत्रिका नंतर पाहीन.